वरिष्ठ सभागृह प्रदेशांचं की पक्षांचं?

प्रश्न असा आहे: संघराज्यात दुसरं सभागृह प्रदेशांचा आवाज म्हणून ठेवलं जातं, पण तिथले सदस्यही पक्ष सांगेल तसंच मत देतात. मग ते प्रदेशांचं प्रतिनिधित्व करतं असं म्हणायचं का? आणि प्रत्येक प्रदेशाला सारख्या जागा दिल्या, तर हे दुखणं बरं होईल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर छोटं आहे, म्हणून तेच आधी देतो: नाही. विधेयकांचे मसुदे आणि समित्यांचे अहवाल यांत माझा बराच काळ गेला आहे. या विषयावर लोक सगळ्यात जास्त भांडतात ते जागांच्या संख्येवरून, आणि प्रत्यक्ष कामकाजात सगळ्यात कमी फरक पडतो तोही तिच्यामुळेच. फरक पडतो तो सदस्याला कोण पाठवतं, त्याने प्रदेशाविरुद्ध मत दिलं तर त्याचं कोण काय बिघडवू शकतं, आणि कोणत्या विषयात त्या सभागृहाला वळसा घालून पुढे जाताच येत नाही, यामुळे.

अमेरिकेचं सिनेट हे सारख्या जागांचं ठळक उदाहरण. 1787 च्या तडजोडीत प्रत्येक राज्याला दोन जागा ठरल्या, आणि राज्याच्या संमतीशिवाय हा हक्क काढून घेता येणार नाही अशी तरतूद थेट राज्यघटनेत घातली गेली. आज जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोनच. पण सुरुवातीच्या शंभरेक वर्षांत सिनेटर राज्याचा माणूस वाटायचा, याचं कारण दोन हा आकडा नव्हता. त्याला राज्याचं विधिमंडळ निवडून पाठवायचं आणि बऱ्याचदा लेखी सूचनाही द्यायचं. अशी सूचना पाळायची नसेल तर राजीनामा द्यावा, असा संकेत काही राज्यांत होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन टायलर यांनी 1836 मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची सूचना पटली नाही म्हणून सिनेटची जागा सोडली. सूचना न पाळणाऱ्याला काढून टाकण्याचा कायदेशीर अधिकार मात्र विधिमंडळाकडे नव्हता, त्यामुळे राजीनामे देणारे होते तसे सूचनेकडे काणाडोळा करून बसून राहणारेही होते.

या पद्धतीची घाणेरडी बाजूही होती. विधिमंडळातले गट एकमेकांना अडवत बसायचे आणि जागा रिकाम्या राहायच्या. डेलावेअर राज्याचा 1901 ते 1903 या काळात सिनेटमध्ये एकही सदस्य नव्हता. पैशाचे आरोप तर नेहमीचेच. शेवटी 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीने थेट निवडणूक आली. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच झालं, पण त्या दिवसापासून सिनेटर राज्यातल्या मतदारांचा झाला आणि राज्य सरकारशी असलेली त्याची नाळ तुटली. या दोन गोष्टी एक नव्हेत. राज्यातल्या मतदाराला करकपात आवडते, राज्य सरकारला स्वतःचा महसूल आणि अधिकार टिकवायचा असतो. केंद्राने एखादी योजना आणून तिचा खर्च राज्यांच्या गळ्यात बांधला, तर थेट निवडून आलेला सिनेटर तिचं श्रेय घेऊ शकतो. राज्याच्या अर्थमंत्र्याचा नेमलेला प्रतिनिधी त्याच योजनेवर पहिला प्रश्न विचारेल तो पैशाचा.

असा नेमलेला प्रतिनिधी खरोखर कुठे बसतो हे पाहायचं तर जर्मनीच्या बुंडेसराटकडे जावं लागतं. या विषयावरचं सगळ्यात शिकण्यासारखं सभागृह मला तेच वाटतं. तिथे खासदार असे नसतातच. सोळा राज्यांची मंत्रिमंडळं आपल्यातलेच मंत्री तिथे पाठवतात आणि वाटेल तेव्हा बदलतात. एकूण 69 मतं. लोकसंख्येप्रमाणे राज्याला तीन ते सहा मतं मिळतात, म्हणजे दीड कोटीहून कितीतरी मोठ्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाला सहा आणि सुमारे सात लाखांच्या ब्रेमेनला तीन. ना पूर्ण समानता, ना पूर्ण प्रमाण. खरी मेख पुढे आहे: एका राज्याची सगळी मतं एकसारखीच पडली पाहिजेत. मत राज्याचं असतं, माणसाचं नाही.

हा नियम किती कडक आहे ते 22 मार्च 2002 ला दिसलं. स्थलांतराचा कायदा मतदानाला आला होता आणि बहुमताचा काटा ब्रांडेनबुर्गच्या चार मतांवर येऊन थांबला होता. त्या राज्यात एकमेकांच्या विरोधातल्या दोन पक्षांचं संयुक्त सरकार होतं. पुकारा होताच एक मंत्री ‘होय’ म्हणाला आणि दुसऱ्या पक्षाचा मंत्री ‘नाही’. सभापतींनी मुख्यमंत्र्यांना पुन्हा विचारलं, ते ‘होय’ म्हणाले, आणि सभापतींनी चारही मतं बाजूने धरली. सभागृहात एकच गदारोळ झाला. डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला, कारण राज्याने एकमुखाने मत दिलंच नव्हतं आणि म्हणून ती मतं धरता येत नव्हती.

तेव्हापासूनच नव्हे, त्याच्या आधीपासूनही तिथल्या आघाडी सरकारांच्या करारात एक कलम ठरलेलं असतं: आपसात एकमत नसेल तर बुंडेसराटमध्ये तटस्थ राहायचं. पण मंजुरीसाठी 35 मतं प्रत्यक्ष बाजूने लागतात, त्यामुळे तटस्थ राहणं आणि विरोध करणं यांचा परिणाम एकच. आघाड्यांची सरकारं जितकी रंगीबेरंगी, तितकं केंद्राला बहुमत जुळवणं कठीण.

म्हणजे तिथे पक्ष नाहीत असं अजिबात नाही. 1997 मध्ये हेल्मुट कोल सरकारची मोठी करसुधारणा विरोधी पक्षाच्या राज्यांनी बुंडेसराटमध्ये पाडली, आणि त्यात पक्षाचं राजकारण उघड होतं. पण जुलै 2000 मध्ये उलट घडलं. श्रोडर सरकारच्या करसुधारणेला विरोधी पक्षनेतृत्वाचा विरोध होता, आणि तो पक्ष बर्लिन, ब्रेमेन, ब्रांडेनबुर्ग इथल्या सरकारांत भागीदार होता. केंद्राने या राज्यांना पैशाची आश्वासनं दिली आणि त्यांनी स्वतःच्या पक्षनेतृत्वाला बाजूला सारून विधेयकाच्या बाजूने मत दिलं. वर्तमानपत्रांनी त्याला विकत घेतलेली मतं म्हटलं. मला त्यात प्रदेशाचं प्रतिनिधित्व दिसतं. राज्याची तिजोरी सांभाळणारा माणूस मतदानाला बसला की असंच होणार. हे रूप सुंदर नसेल, पण ज्यांना ‘प्रदेशाचा आवाज’ हवा आहे त्यांनी तो आवाज बहुतेक वेळा पैशाबद्दलच बोलणार हे गृहीत धरावं.

आणखी एक बारीक तरतूद आहे, जी बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. दोन सभागृहांत मतभेद झाले की विधेयक मध्यस्थी समितीकडे जातं, दोन्हीकडचे सोळा-सोळा सदस्य. सभागृहात राज्यांचे प्रतिनिधी आपापल्या सरकारच्या आदेशाने बांधलेले असतात, पण या समितीत बसताना ते आदेश त्यांना लागू नाहीत, असं घटनेतच लिहिलं आहे. बांधलेला माणूस तडजोड करू शकत नाही, हे ओळखून केलेली ही सोय आहे. वाटाघाटीला मोकळीक, अंतिम मताला लगाम. मी पाहिलेल्या घटनात्मक तरतुदींत इतकी शहाणी तरतूद क्वचितच सापडेल.

आता राज्यसभा. इथे सदस्याला पाठवणारं विधिमंडळच आहे, म्हणजे जुन्या अमेरिकेसारखं. चौथ्या अनुसूचीप्रमाणे उत्तर प्रदेशला 31 जागा, महाराष्ट्राला 19, सिक्कीमला एक. समानतेचा आग्रह नाही. पण निवडून गेल्यावर सदस्य आणि विधिमंडळ यांचा संबंध जवळजवळ संपतो. त्याची मुदत सहा वर्षांची. ज्या आमदारांनी त्याला पाठवलं ते मध्येच निवडणूक हरतात, राज्यात सरकार बदलतं, आणि हा तिकडे बसलेलाच असतो. 2003 मध्ये कायदा बदलून उमेदवार त्याच राज्याचा मतदार असण्याची अट काढली गेली आणि मतदान खुलं झालं. आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून पेटीत टाकायची. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कुलदीप नय्यर खटल्यात हे दोन्ही बदल वैध ठरवले. संघराज्यासाठी अधिवासाची अट अनिवार्य नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या चौकटीत ते बसतं. पण सदस्याची उमेदवारी पक्षाच्या केंद्रीय कार्यालयात ठरते, आमदाराचं मत पक्षाला दिसतं, आणि निवडून गेल्यावर दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याचा, व्हिप लागू होतो. समजा एखाद्या राज्याच्या विधानसभेने एकमताने ठराव करून विधेयकाला विरोध केला, आणि त्या राज्याच्या खासदाराने तो ठराव मानून पक्षादेशाविरुद्ध मत दिलं. खासदारकी जाऊ शकते ती खासदाराची. ठराव न मानणाऱ्याचं मात्र कोणी काहीही बिघडवू शकत नाही. ही उलटी रचना बदलल्याशिवाय जागांची फेरवाटणी करून हाती काही लागणार नाही. केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने 2010 मध्ये सर्व राज्यांना समान जागा सुचवल्या होत्या. त्या देऊनही व्हिप तसाच राहिला, तर छोट्या राज्यांतून जास्त पक्षनिष्ठ सदस्य येतील, एवढंच.

तरीही राज्यसभेने राज्यांसाठी काही केलंच नाही, हे म्हणणं चूक ठरेल. 1989 मध्ये पंचायत राज आणि नगरपालिकांविषयीची 64 वी आणि 65 वी घटनादुरुस्ती विधेयकं लोकसभेत पार पडली आणि राज्यसभेत दोन तृतीयांश बहुमताअभावी पडली. केंद्र राज्यांना वगळून थेट गावापर्यंत पोहोचू पाहतंय, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. पुढे 1992 मध्ये जी 73 वी आणि 74 वी दुरुस्ती मंजूर झाली, तिच्यात कितीतरी बाबी राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवल्या आहेत. लोकपाल विधेयकातही असंच झालं. डिसेंबर 2011 मध्ये लोकसभेने मंजूर केलेल्या मसुद्यात राज्यांनी लोकायुक्त कसे नेमायचे हेही केंद्रच ठरवत होतं. राज्यसभेत यावरून सत्ताधारी आघाडीतलेच प्रादेशिक पक्ष उलटले, मध्यरात्रीपर्यंत चर्चा होऊन मतदान न होताच सभागृह उठलं, मग प्रवर समिती बसली. 2013 च्या अंतिम कायद्यात राज्यांना स्वतःचा कायदा करून लोकायुक्त नेमायची मोकळीक मिळाली.

जीएसटीचं उदाहरण तर अभ्यासण्यासारखं आहे. लोकसभेने मे 2015 मध्ये विधेयक मंजूर केलं, राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेलं. ऑगस्ट 2016 मध्ये मंजूर होताना एक टक्का अतिरिक्त कराची तरतूद गळाली आणि राज्यांना पाच वर्षं भरपाई ‘देता येईल’ ऐवजी ‘दिलीच पाहिजे’ असं झालं. मसुदा लिहिणाऱ्याला विचारा, त्या एका क्रियापदात हजारो कोटी असतात. तामिळनाडूच्या अण्णाद्रमुकने, उत्पादक राज्याचं नुकसान होतंय म्हणत, सभात्याग केला.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांकडे वरिष्ठ सभागृहात पुरेसं संख्याबळ नव्हतं, आणि समतोल प्रादेशिक पक्षांच्या हाती होता. म्हणजे राज्यांचा आवाज उठला तो सभागृहाच्या रचनेमुळे कमी आणि पक्षव्यवस्थेच्या त्या वेळच्या स्थितीमुळे जास्त. ज्या पक्षाची मुळं एकाच राज्यात आहेत, त्याचा व्हिप म्हणजेच राज्याचा आदेश. राष्ट्रीय पक्षांचं स्पष्ट बहुमत आलं की हे सगळं शांत होतं. ऑस्ट्रेलियातही असंच. तिथल्या सिनेटमध्ये सहा राज्यांना प्रत्येकी बारा जागा आहेत, सगळे पक्षाप्रमाणे मत देतात. पण 1990 च्या दशकात ब्रायन हॅराडाइन नावाच्या टास्मानियाच्या अपक्ष सिनेटरचं एक मत निर्णायक ठरू लागलं, तेव्हा सरकारी दूरसंचार कंपनीचे समभाग विकायला पाठिंबा देताना त्यांनी आपल्या छोट्या राज्यासाठी भरपूर निधी पदरात पाडून घेतला. त्यांना अपक्ष असण्याचा फायदा झाला. बारा जागांचा काही संबंध नव्हता.

अधिकारांचा मुद्दा याहून गंभीर आहे. राज्यसभेला खास राज्यांसंबंधी दोन अधिकार आहेत: कलम 249 नुसार राज्यसूचीतल्या विषयावर संसदेला तात्पुरता कायदा करू देणं, आणि कलम 312 नुसार नवी अखिल भारतीय सेवा सुरू करायला संमती देणं. दोन्हींचं स्वरूप पाहा. दोन्ही ठिकाणी ती केंद्राला राज्यांच्या अंगणात येऊ देण्याची परवानगी देते. उलट राज्याचं अस्तित्वच बदलायचं असेल, नवं राज्य तोडायचं, सीमा हलवायच्या, तर कलम 3 खाली साधं बहुमत पुरतं आणि संबंधित विधानसभेचं फक्त मत मागवलं जातं. जानेवारी 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक आवाजी मतदानाने फेटाळलं. पुढच्याच महिन्यात ते संसदेत मंजूर झालं. विभाजन योग्य होतं की नाही हा वेगळा वाद. पण राज्यांचं सभागृह म्हणवणाऱ्या संस्थेकडे राज्याच्या नकाशाबाबत कसलाही वेगळा अधिकार नाही, हे मला घटनेतलं मोठं रितेपण वाटतं. धन विधेयकावर तर चौदा दिवसांत शिफारशी कळवण्यापलीकडे काही नाही, आणि राज्यांचे बहुतेक वाद पैशाचेच.

स्पेनमध्ये याचं उलटं टोक दिसतं. तिथली राज्यघटना सिनेटला प्रादेशिक प्रतिनिधित्वाचं सभागृह म्हणते, पण बहुतेक सदस्य जुन्या प्रांतांतून थेट निवडले जातात. स्वायत्त प्रदेशांच्या विधिमंडळांनी पाठवलेले थोडेच. नेहमीच्या कायद्यांत कनिष्ठ सभागृह त्याला सहज ओलांडतं. मात्र कलम 155 खाली एखाद्या प्रदेशाची सत्ता केंद्राने हाती घ्यायची तर सिनेटचं पूर्ण बहुमत लागतं. 27 ऑक्टोबर 2017 ला कॅटलोनियाबाबत ते वापरलं गेलं आणि सिनेटने मोठ्या बहुमताने होकार दिला. कुलूप योग्य दारावर होतं, पण किल्ली राष्ट्रीय पक्षाच्या खिशात होती.

कॅनडाबद्दल थोडक्यात: सिनेटर पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमले जातात आणि 75 व्या वर्षापर्यंत राहतात. पन्नास लाखांच्या वरच्या ब्रिटिश कोलंबियाला सहा जागा, त्याच्या एक पंचमांशही नसलेल्या न्यू ब्रन्सविकला दहा. हे सिनेट प्रांतांचं प्रतिनिधित्व करतं असं तिथेही फारसं कोणी गंभीरपणे म्हणत नाही. प्रांतांचे मुख्यमंत्री पंतप्रधानांशी परस्पर बोलतात. हे दुसरीकडेही होतं. भारतात अप्रत्यक्ष करांची खरी ओढाताण आता जीएसटी परिषदेत होते, जिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. राज्याचा विद्यमान मंत्री समोरासमोर बसतो. बुंडेसराटची कल्पना मागच्या दाराने आली म्हणा ना. फरक इतकाच की त्या बैठकीचं कामकाज सभागृहासारखं उघड्यावर होत नाही.

दक्षिण आफ्रिकेने दोन्ही जोडण्याचा प्रयत्न केला आहे, आणि नव्याने रचना करणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. 1997 पासूनच्या राष्ट्रीय प्रांत परिषदेत नऊ प्रांतांचे प्रत्येकी दहा प्रतिनिधी असतात: सहा कायमचे आणि चार विषयानुसार बदलणारे, ज्यांत प्रांताचा प्रमुखही येतो. प्रांतांशी संबंध असलेल्या विधेयकावर प्रत्येक प्रांताला एकच मत, आणि ते प्रांतिक विधिमंडळाने दिलेल्या आदेशाप्रमाणे. बाकी विधेयकांवर सदस्य सुटे मत देतात. म्हणजे सभागृह एकच, पण विषय बघून त्याचा स्वभाव बदलतो. कागदावर याहून चांगलं काही सुचणं कठीण. व्यवहारात दोन गोष्टींनी घात केला. एक तर बराच काळ बहुतेक सगळ्या प्रांतांत केंद्रातलाच पक्ष सत्तेवर होता, त्यामुळे आदेश कुठून येतो हे उघड होतं. आणि दुसरं, वेळ.

या वेळेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक लोक ते सोडून देतात. प्रांताने आदेश द्यायचा तर विधेयक आधी प्रांतिक समितीकडे जायला हवं, जनसुनावणी व्हायला हवी, वाटाघाटीचा आदेश ठरायला हवा, परिषदेत चर्चा झाल्यावर अंतिम आदेश. यासाठी साधारण सहा आठवड्यांचं चक्र धरलं जातं, आणि मोठ्या विधेयकाला तेही अपुरं. 2014 चा जमीन परत मिळण्याच्या हक्काविषयीचा कायदा तर प्रांतांना एका महिन्याहून कमी वेळ देऊन उरकला गेला. 2016 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. जमिनीसारख्या विषयावर लोकांचं म्हणणं ऐकायला इतका वेळ पुरेसा असूच शकत नाही, असं कारण देऊन. कोणत्या प्रांताची किती मतं, हा प्रश्न त्या निकालात आलाच नाही.

त्यामुळे कुठे नवीन वरिष्ठ सभागृह बनत असेल किंवा जुनं सुधारायचं असेल आणि मला मसुद्यावर मत विचारलं, तर जागांच्या तक्त्याकडे मी शेवटी पाहीन. आधी पाहीन की प्रदेशांचे अधिकार, महसूल आणि सीमा या तीन बाबतींत तरी त्या सभागृहाचा नकार कनिष्ठ सभागृहाला ओलांडता येत नाही ना. त्याच बाबतींत पक्षाचा व्हिप चालणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे का; निदान प्रदेशाच्या विधिमंडळाचा ठराव असेल तर तो मानणाऱ्या सदस्याचं पद जाणार नाही, एवढं तरी. आणि विधेयक प्रदेशांच्या विधिमंडळांकडे पोहोचल्यापासून मतदानापर्यंत किमान किती आठवडे गेलेच पाहिजेत, तो आकडा नियमांत नव्हे तर घटनेत घातला आहे का. नियम बहुमताने स्थगित करता येतात, आणि अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात ते हमखास केले जातात.